गुडघा दुखतोय? बसून राहू नका!

जिना दिसला की तुमच्याही पोटात गोळा येतो का? गुडघेदुखी 3 महिन्यांहून जास्त टिकली की आपण चालणंच कमी करतो. इथेच चुकतं. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू कमजोर होतात आणि गुडघ्यावरचा ताण आणखी वाढतो.

खुर्चीत बसा. एक पाय सरळ उचला, 5 आकडे मोजा, हळूच खाली आणा. दोन्ही पायांनी 10-10 वेळा, रोज. वजन जास्त असेल तर 1 किलो घटवलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे 4 किलो भार हलका होतो.

सुरुवातीला थोडं दुखेल, घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल, तर व्यायाम निम्मा करा. फरक जाणवायला काही आठवडे लागतात. गुडघा सुजून लाल झाला किंवा ताप आला, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.