पुणे पाहावे, पण कोणाच्या डोळ्यांनी?



पुणे शहर पायी हिंडून दाखविण्याचा एक उपक्रम अलीकडे चांगलाच रुळला आहे. त्यास ‘हेरिटेज वॉक’ असे म्हणतात. सुटीच्या सकाळी मंडळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी जमतात. माहीतगार पुढे आणि श्रोते मागे, अशी ही दिंडी लाल महाल, कसबा गणपती, बुधवार पेठेतील तांबडी जोगेश्वरी, बेलबाग, तुळशीबाग असे करीत विश्रामबागवाड्याशी येऊन थांबते. उपक्रम चांगला आहे. आपले शहर पायाखाली घालावे, जुन्या भिंतींना हात लावून पाहावा, यात गैर काहीच नाही. आमची तक्रार चालण्याविषयी नाही, सांगण्याविषयी आहे.

शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या, हे माहीतगार तोंडपाठ सांगतो. हजारी कारंजाचे वर्णन करताना तर त्याची वाणी विशेष खुलते. परंतु ज्या रस्त्यावर उभे राहून तो हे सारे सांगतो, त्या रस्त्याविषयी तो बहुधा मौन पाळतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले, आणि जे त्यांस तेथे करता आले नाही, त्यात पेशव्यांच्या या राजधानीची हकीकत दिली आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून आपलीच पावले पुसत चालावे, आणि थुंकी भूमीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे, असा येथला दंडक होता. वाडे दाखवावयाचे आणि रस्ता झाकावयाचा, ही इतिहास सांगण्याची कोणती रीत?

आता बुधवार पेठेत या. दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर दर्शनार्थींची रांग असते. त्या रांगेकडून रस्त्याच्या पलीकडे पाहा. तेथे भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी याच वाड्यात मुलींची शाळा उघडली. या कार्यापायी पुढच्याच वर्षी उभयतांस घराबाहेर पडावे लागले. अशी ही वास्तू कित्येक वर्षे दुकानांच्या पाट्यांआड मोडकळीस येत राहिली. स्मारक व्हावे की न व्हावे याचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्री उरलासुरला वाडा पाडण्यात आला, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्मारकाची कोनशिला बसली. पेशव्यांच्या दरवाजाचे खिळे जपले गेले. पहिल्या शाळेचे एक तुळईही जपली गेली नाही, असे म्हणावे लागू नये एवढी तरी काळजी वेळेवर घ्यावयास हवी होती. काही फेऱ्या आता येथे थांबू लागल्या आहेत, हे ऐकून आम्हांस समाधान वाटते. पण याच पेठेत ३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची दुसरी एक शाळा निघाली होती, हे किती माहीतगारांस माहीत आहे?

या शाळांतून काय निपजले, तेही सांगितले पाहिजे. मुक्ता नावाची मातंग विद्यार्थिनी होती. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. बाजीरावाच्या काळी तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, असे ती लिहिते. गुलटेकडी आज बाजारासाठी प्रसिद्ध आहे. माल घेऊन तेथे जाणाऱ्यांस हे कोणी सांगत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या मुलीने धर्माचाच प्रश्न उभा केला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा तिच्या विचारण्याचा रोख आहे. या प्रश्नाचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास मिळाले. मध्ये एकशे एक वर्षे गेली. धर्मांतर हे एका माणसाच्या मनातील क्षणिक रागाचे फळ होते असे मानणाऱ्यांनी बुधवार पेठेतून एकदा तरी चालावे.

विश्रामबागवाड्याचीही गोष्ट अशीच अर्धी सांगितली जाते. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. त्याचे लाकडी कोरीवकाम खरोखर प्रेक्षणीय आहे. येथे १८२१ साली इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली, ती प्रारंभी केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. आणि याच विश्रामबागेत १८५२ साली माळ्याच्या मुलाचा, जोतीरावांचा, शाल देऊन सरकारतर्फे गौरव झाला. एकाच छताखालच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे श्रोत्यास वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

भिडेवाड्यापासून हाकेच्या अंतरावर त्या गल्ल्या आहेत, जेथे देहविक्रयावर पोट भरणाऱ्या स्त्रिया राहतात. फेरीवाले त्या टाळतात. त्या भगिनींस प्रेक्षणीय वस्तू करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. टाळतात हेच बरे. परंतु भिडेवाड्याच्या जागी जे उभे राहील, ते केवळ पुतळ्यांचे दालन होऊ नये. तेथे फळा असावा, खडू असावा, रोजची हजेरी असावी, आणि पहिल्या बाकावर याच गल्ल्यांतील मुलींस जागा असावी. महानगरपालिकेकडे ही मागणी आपल्या विहारांनी व महिला मंडळांनी लेखी करावी.

आणि दुसऱ्याच्या माहीतगाराची वाट कशाला पाहावी? मंडई मेट्रो स्थानकावर उतरा. तेथून भिडेवाड्याच्या जागी या आणि मुलांस मुक्तेचा निबंध मोठ्याने वाचून दाखवा. मग पूर्वेस गंज पेठेतील फुलेवाड्यात जा. अर्धा तासही लागत नाही. तेथला हौद दाखवा, जो १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्यांस खुला केला. पायांत बळ उरले तर पर्वतीपर्यंत जा, आणि १९२९ च्या सत्याग्रहींनी त्या देवळाच्या पायऱ्यांवर काय सोसले ते तेथेच सांगा. शिवाजी रस्त्यावर गर्दी फार असते, पदपथ अरुंद आहे. लहान मुलांचे हात धरून चाला, आणि सकाळी आठाच्या आत निघा.