किती प्यायलात?

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिणं झालं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. पण या वेळच्या रिलीजमध्ये एक बग चक्क माझ्यातच सापडला, त्यामुळे आज विषय आयता मिळालाय.

झालं असं. शुक्रवारी रात्री डिप्लॉयमेंट होतं. अकराला सुरू करून दोनला घरी, असं कागदावर ठरलेलं. कागदावरचं कागदावरच राहतं, ते सगळ्यांना माहीत आहेच. डेटाबेसचं मायग्रेशन मध्येच अडकलं, रोलबॅक करायचं की नाही यावर अमेरिकेतल्या मंडळींशी कॉलवर खल सुरू झाला, आणि साडेतीनच्या सुमारास मला जाणवलं की आपलं हृदय छातीत नाही, गळ्यात वाजतंय. धडधड धडधड, मध्येच एक ठोका गाळल्यासारखा, मग पुन्हा धडधड. हात थरथरत होते. आधी वाटलं टेन्शन असेल. मग बसल्याजागी दरदरून घाम फुटला. शेजारच्याने माझ्याकडे बघितलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "चल ऊठ. रिलीज गेलं खड्ड्यात."

पहाटे चारला इमर्जन्सीत ईसीजी काढला. ड्युटीवरची डॉक्टर माझ्यापेक्षा लहानच असेल, आणि माझ्याइतकीच झोपेला आलेली. तिने विचारलं, "चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक वगैरे घेता का?"

"हो."

"आज किती प्यायलात?"

आणि मला उत्तर देता येईना!

प्रॉडक्शन सर्व्हरची गेल्या तीस दिवसांतली मेमरी कुठल्या तासाला किती होती हे मी झोपेत सांगेन. पण स्वतःच्या पोटात गेल्या अठरा तासांत काय गेलं, ते माहीत नाही. "दोन... नाही, तीन कॅन. आणि कॉफी. चहा तर असतोच." ती म्हणाली, "चहा तर असतोच, असं सगळेच म्हणतात."

ईसीजी ठीक निघाला. दोन तास झोपवून ठेवलं, ठोके ताळ्यावर आले, सोडून दिलं. निघताना तिने आणखी एक प्रश्न विचारला होता, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" तेव्हा मला तो अभद्र वाटला. त्याचं महत्त्व नंतर कळलं. ते पुढे येईलच.

शनिवारी दुपारी उठलो आणि हिशोब मांडला. आपल्याकडे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात आकडे आहेत. १५० मिलीचा एक कप चहा म्हणजे ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफीन. इन्स्टंट कॉफी ५० ते ६५, ब्रू केलेली ८० ते १२०. आणि दिवसभराची मर्यादा ३०० मिलीग्रॅम. (अमेरिकेचं एफडीए आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढांसाठी ४०० पर्यंत जातात, युरोपवाले एका वेळी २०० च्या वर नको म्हणतात.)

आता माझा शुक्रवार. चार चहा, चाळीसच्या हिशोबाने १६०. मशीनची कॉफी दोनदा, १२०. म्हणजे संध्याकाळी फ्रिज उघडायच्या आधीच मी २८० वर होतो. त्यावर २५० मिलीचे तीन कॅन, प्रत्येकी ७५ धरले तर २२५. एकूण ५०५.

यात गंमत बघा. तीन कॅनमधलं कॅफीन चहा-कॉफीपेक्षा कमीच आहे. म्हणजे 'एनर्जी ड्रिंक म्हणजे विष आणि आपला चहा म्हणजे अमृत' हा जो घरगुती सिद्धांत आहे, त्यात काही दम नाही. रेणू तोच. शरीर ब्रँड बघत नाही, बेरीज बघतं. फरक आहे तो पिण्याच्या पद्धतीत. गरम चहा आपण फुंकून फुंकून पितो, चार घोटांत संपतो. थंड, गोड कॅन माणूस तहान लागल्यासारखा घटाघटा रिचवतो आणि दुसरा उघडतो.

मुळात त्याला 'एनर्जी' म्हणणं हाच एक विनोद आहे. कॅनमधली खरीखुरी ऊर्जा म्हणजे साखर, बऱ्याच कॅनमध्ये १०० मिलीला ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कॅनमागे सहा-सात चमचे. कॅफीन ऊर्जा देत नाही. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं, ते ठरावीक जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफीन त्या जागा आधीच अडवून बसतं. अॅडेनोसिन साठतच असतं, फक्त निरोप पोचत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर डिस्क भरत आली म्हणून अलर्ट येतोय आणि आपण डिस्क रिकामी करायच्या ऐवजी अलर्ट म्यूट करतोय. असं काम करणाऱ्या ज्युनियरला मी मीटिंगमध्ये फाडून खाल्लं असतं. स्वतः मात्र गेली सहा वर्षं तेच करतोय.

शिवाय हा म्यूट लवकर उठत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. हे 'साधारण' फार फसवं आहे. कुणाला दोन, कुणाला नऊ. सिगरेट ओढणाऱ्यांचं लवकर उतरतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना जवळपास दुप्पट वेळ लागतो. म्हणजे 'तो चार कॅन पिऊनही ठणठणीत असतो' या वाक्याचा तुमच्याशी काहीही संबंध नाही. त्याचं हार्डवेअर वेगळं आहे.

तर मग जबाबदारी कुणाची? हा वाद सोमवारी जेवताना झालाच. आमच्याकडे एक मित्र आहे, कट्टर स्वातंत्र्यवादी. त्याचं म्हणणं सरळ आहे. "तुझ्या घशात कुणी ओतलं का? कॅनवर लिहिलेलं असतं. तू वाचलं नाहीस. विषय संपला."

आणि खरं सांगतो, माझ्यापुरतं मला ते पटतं. कॅनवर लिहिलेलं असतंच. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६ मध्ये नियम केले. त्यांच्या लेखी या पेयांचं नाव 'कॅफिनेटेड बेव्हरेज'. लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफीन चालतं. जास्त कॅफीन असल्याचं छापावं लागतं, लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफीन न सोसणारी माणसं यांच्यासाठी नाही असं छापावं लागतं, आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर नको, हेही. माझे तीन कॅन म्हणजे ७५० मिली. शिकलेला, इंग्रजी वाचता येणारा, पस्तिशीतला माणूस मी. मला कंपनीवर दावा ठोकायचा नैतिक अधिकार नाही. चूक माझी, शंभर टक्के.

पण 'विषय संपला' हे पटत नाही. स्वतःची जबाबदारी स्वतः घ्यायची तर दोन गोष्टी माहीत लागतात. पेयात किती आहे ते, आणि मला किती सोसतं ते. यातली एक जरी नसली तरी जबाबदारी हा नुसता शब्द उरतो.

अमेरिकेतल्या पनेरा या कॅफे साखळीचं उदाहरण घ्या. त्यांनी 'चार्ज्ड लेमनेड' नावाचं सरबत काढलं. मोठ्या ग्लासात ३९० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन! ठेवलेलं कुठे, तर बाकीच्या सरबतांच्या शेजारी, आपल्या हाताने भरून घ्यायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये २१ वर्षांची एक विद्यार्थिनी ते पिऊन गेली. तिला लाँग क्यूटी नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात आजार होता, तो तिला माहीतही होता, आणि घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती एनर्जी ड्रिंक कटाक्षाने टाळायची. त्यांनी २०२३ मध्ये दावा लावला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की तिला हे लिंबू सरबत वाटलं. उत्पादन सुरक्षित असल्याचं कंपनी सांगत राहिली, पण २०२४ मध्ये ते सरबत बंद झालं.

या मुलीने अजून काय करायला हवं होतं? स्वतःचा आजार माहीत, पथ्य पाळणारी. म्हणजे आम्हा सगळ्यांपेक्षा जबाबदार. आणि उलट बाजूने, असा आजार असून तो माहीतच नसलेले कितीतरी असतात. म्हणून त्या डॉक्टरने मला विचारलं होतं, घरात कुणी तरुणपणी गेलंय का. आता माझी तुम्हाला विनंती आहे, हा प्रश्न एकदा आईला विचारा. 'काका फार लवकर गेले, कशाने ते कळलंच नाही' असं काही उत्तर आलं तर कॅनला हात लावायच्या आधी एक साधा ईसीजी काढा आणि डॉक्टरला ते सांगा. आणि पार्टीत हेच पेय व्होडकात ओतणाऱ्यांसाठी: कॅफीन दारू उतरवत नाही, फक्त चढल्याचं लपवतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये दारू आणि कॅफीन एकत्र विकणाऱ्या चार कंपन्यांना नोटिसा धाडल्या, त्या काही हौस म्हणून नाही.

आता हापिसातल्या फ्रिजकडे येऊ. रिलीजच्या आठवड्यात तो फ्रिज भरतो. 'एम्प्लॉयी वेलफेअर'च्या बजेटातून. तो भरायची विनंती करणारा मेल मी पाठवतो, कारण टीम लीड मी आहे. टीममध्ये २३ वर्षांची पोरं आहेत. मी जागतो म्हणून ती जागतात, मी दुसरा कॅन उघडला की तीही उघडतात. "कुणी ओतलं का घशात?" नाही ओतलं. पण रात्री दोनला, मॅनेजर कॉलवर असताना, समोर फुकट थंड कॅन ठेवायचा आणि वर म्हणायचं की निवड तुझी, ही चलाखी झाली. इस्टिमेट चुकलं माझं, तीन दिवसांचं काम दोन रात्रींत बसवलं मी, आणि ती तूट भरून काढायची त्यांच्या ठोक्यांनी?

खरं तर लेख इथेच संपायचा होता. पण रविवारी ताईकडे गेलो आणि उरलंसुरलं शहाणपणही उतरलं.

भाचा आठवीत आहे. क्लासला निघाला होता, हातात ती लाल प्लॅस्टिकची बाटली. कोपऱ्यावरच्या टपरीवर वीस रुपयांना मिळते, वेफर्सच्या पाकिटाशेजारी. मी विचारलं, "हे काय रे?"

"गणिताचं युनिट टेस्ट आहे ना मामा, झोप येते."

"लहान मुलांसाठी नाही, असं लिहिलंय त्यावर."

त्याने बाटली फिरवून बघितली. अक्षर बारीक आणि इंग्रजीत. नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी असलं की पुरतं, मराठीची सक्ती नाही. टपरीवाल्या काकांनी ते कधी वाचलं असेल असं वाटत नाही. भाच्याने वाचलं, आणि मग अगदी निरागसपणे म्हणाला, "तू पण पितोस की. तुझ्या गाडीत असतात."

काय बोलणार? चूप बसलो.

इथे मात्र माझ्या स्वातंत्र्यवादी मित्राचं मी ऐकणार नाही. तेरा वर्षांच्या मुलाची कसली आलीये वैयक्तिक जबाबदारी? पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना ही पेयं विकायला बंदी केली, लिथुआनियाने तर २०१४ मध्येच. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांवर बंदी आणणार असं जाहीर केलं. चांगलं आहे, पण टपरी ५०१ मीटरवर असेल तर? मोठ्यांवर बंदी नको, या मताचा मी आहे. मुलांना विकायला मात्र कुठेच नको, आणि बाटलीच्या दर्शनी बाजूवर, मराठीत, ठळक अक्षरांत अख्ख्या बाटलीतले मिलीग्रॅम हवेत. वाचायला मिळालं तर जबाबदारी घेता येईल ना!

तोपर्यंत माझ्या हातात जेवढं आहे तेवढं केलंय. फ्रिजचा मेल पाठवणं बंद. पुढचं रिलीज मंगळवारी सकाळी दहाला. क्लायंट कुरकुरला, मग तयार झाला. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. दुपारी चारनंतर कॅफीन नाही. आणि मोबाईलमध्ये एक साधी नोंद ठेवतो, रोजची बेरीज. गाडीतले चार कॅन भाच्यादेखत सिंकमध्ये ओतले. ताई म्हणाली, "अरे, पैसे वाया." भाचा म्हणाला, "मामा, एक तरी ठेव." :-)

आजची बेरीज ८०, दोन चहा. तिसरा आधण ठेवलाय, तेव्हा तूर्तास इतकंच. आणि हो, जाता जाता तुम्हालाही विचारतो. आज किती प्यायलात?