आवाज दाबला, मोटर जळाली!

सुरुवातीलाच एक कबुली देते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अर्धं घरचं आणि अर्धं मेसमधलं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दुसरी कबुली जरा गंभीर आहे. या फेब्रुवारीत, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, लेडीज होस्टेलला तीन दिवस पाणी नव्हतं. त्यात माझाही हात होता!

झालं असं, की टाकीत पाणी चढवणारी ५ एचपीची मोटर आमच्या खिडकीखालीच आहे. पहाटे पाचला ती सुरू झाली की झोपेचं खोबरं. शेवटी आम्ही सतरा जणींनी अर्ज दिला. पहिली सही माझी. आणि काय आश्चर्य, दोन दिवसांत दखल घेतली गेली! मोटरभोवती प्लायवूडचा खोका बसला, आत गोणपाट कोंबलं गेलं. आवाज खरंच कमी झाला. आम्ही खूश. पंधराव्या दिवशी मोटर जळाली.

वाइंडिंगवाल्या काकांनी खोका उघडला आणि एवढंच म्हणाले, "पोरींनो, हिचं नाक दाबून हिला पळायला लावलंत." मी थर्ड इयर इलेक्ट्रिकलची. मशीन्समध्ये मार्क्सही बरे आहेत. तरी सही करताना हे सुचलं नाही, याची लाज वाटली.

हिशोब अगदी साधा आहे. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. एफिशिअन्सी ८५ टक्के धरली तर सुमारे ६५० वॅट नुसती उष्णता होते. आपण रेक्टर मॅडमपासून लपवून जी १००० वॅटची कॉइल वापरतो, तिच्या निम्म्याहून जास्त! ही उष्णता तांब्यातून इन्सुलेशन, लोखंडी स्टॅम्पिंग, बॉडी, फिन्स अशी वाट काढत हवेत जाते. मागचा पंखा त्या फिन्सवरून वारा नेतो. आम्ही ती वाटच बंद केली. 'एफ' क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा १५५ अंश सेल्सिअस. त्यापुढे दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे.

मग आवाज कमी करायचाच नाही का? करायचा, पण तो येतो कुठून ते आधी बघायला हवं. आमची मोटर टू-पोल, म्हणजे मिनिटाला २९०० च्या आसपास फेरे. या वेगाला सगळ्यात जास्त ओरडतो तो तिचा स्वतःचा पंखा. मोटर कुठल्याही दिशेला फिरवली तरी वारा मिळावा म्हणून त्याची पाती सरळ ठेवतात. सोय होते, पण वारा कमी आणि गोंगाट जास्त. फोर-पोल मोटर घेतली तर वेग निम्मा होतो आणि तसल्याच पंख्याचा आवाज अंदाजे १५ डेसिबलने उतरतो. पण तेवढ्याच पॉवरला टॉर्क दुप्पट लागतो, म्हणून मोटर आकाराने मोठी होते. वाराही निम्माच मिळतो. म्हणजे थंड, लहान आणि शांत या तिघी एकाच खोलीतल्या रूममेट्स. एकीला खूश केलं की दुसरी रुसते.

माझं मत असं, की मोठा पंखा लावणं हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे उष्णता मुळातच कमी निर्माण करणे. एफिशिअन्सी ८५ वरून ९० टक्के झाली तर ६५० चे ४१० वॅट होतात. मग लहान पंखाही पुरतो, आणि लहान पंखा कमी ओरडतो. पण कोटेशन मागवताना आपण फक्त किंमत बघतो. एफिशिअन्सी आणि डेसिबल असे दोन रकाने त्यात वाढवायला काय हरकत आहे?

दुसरा उपाय म्हणजे हवेवरच अडून न बसणे. तेवढ्याच घनफळाचं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणूनच इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरीभोवती पाण्याचं जॅकेट असतं, काहींत तर थेट वाइंडिंगवर तेल सोडतात. तेवढ्याच तांब्यातून जास्त करंट नेता येतो आणि मोटर लहान होते. हे फक्त परदेशी गाड्यांचं कौतुक नाही बरं का. आपल्याकडे शेतकरी विहिरीत ओपनवेल सबमर्सिबल पंप सोडतात तेही हेच. मोटर पाण्यातच बसते. पंखा नाही, त्यामुळे त्याचा आवाजही नाही. आपल्या होस्टेलचा संप तर मोटरीपासून चार पावलांवर आहे! पाणी खाली गेलं की ती कोरडी चालून जळते हे खरं, पण त्यासाठी लेव्हल स्विच मिळतो.

मग हे आमच्यापैकी कुणालाच का सुचलं नाही? माझी रूममेट मेकॅनिकलची. हीट ट्रान्सफरमध्ये तिने फिन्सची पानंच्या पानं गणितं सोडवली आहेत, पण त्या मोटरवर असतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं. मी मोटरचे लॉसेस पाठ केले, पण ते पुढे जातात कुठे हे मला कुणी विचारलं नाही. मोटरचं थंड होणं दोन डिपार्टमेंट्सच्या मधल्या व्हरांड्यात पडून आहे. ते अंगावर घेणारा एखादा जॉइंट फायनल इयर प्रोजेक्ट व्हायला नको का?

असो. आम्ही दोघींनी मिळून नवा अर्ज दिला आहे. खोका काढा, फिन्स दर महिन्याला ब्रशने साफ करा, आणि पुढच्या खरेदीत ओपनवेलचा विचार करा. या वेळी सह्या दोनच आहेत, एक इलेक्ट्रिकलची आणि एक मेकॅनिकलची. तोवर पहाटे पाचला मोटर ओरडेल. ओरडू दे. निदान ती श्वास घेतेय, हे तरी कळेल!