गोधडीतली आग

बँकेत असताना स्ट्राँगरूमची धोक्याची घंटा आम्ही मधूनमधून वाजवून पाहत असू. चोर आल्यावर ती वाजेल, याची तेवढीच खात्री. क्षेपणास्त्रातल्या थर्मल बॅटरीची अशी परीक्षा घेता येत नाही. ती एकदाच पेटते आणि संपते. त्याच घाण्यातल्या काही जाळून पाहायच्या, उरलेल्यांवर विसंबायचे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत गेओर्ग ऑटो एर्ब यांनी ही विकसित केली. युद्धानंतर ती विद्या अमेरिकेत गेली. तिच्या पोटातला क्षार गोठलेला असतो, त्यातून वीज वाहत नाही. म्हणूनच वीस-वीस वर्षे कोठारात पडून राहिली तरी ती उतरत नाही. हाक आली की लोहचूर्ण आणि पोटॅशियम परक्लोरेटच्या चकत्या पेटतात, क्षार वितळतो आणि बॅटरी जागी होते.

पण जागी होताच ती निवूही लागते. लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडचे नेहमीचे मिश्रण सुमारे ३५२ अंश सेल्सिअसला गोठते. ते गोठले की उडते क्षेपणास्त्र आंधळे.

मग जाळ वाढवावा? इथेच मेख आहे. आतले पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे सोन्यासारखे चमकणारे खनिज (आमच्याकडे तारणाला आणले असते तर सराफाने हसून परत केले असते), सुमारे ५५० अंशांपुढे विघटू लागते. त्याऐवजी कोबाल्टचे संयुग वापरले तर सुमारे ६५० अंशांपर्यंत तग धरते, पण कोबाल्ट महाग. दुसरी वाट, ब्रोमाइड मिसळून आणखी कमी तापमानाला वितळणारा क्षार घ्यायचा. तिसरी वाट आपल्या आजीला ठाऊक होती: भाताचे पातेले गोधडीत गुंडाळणे. इथली गोधडी सिरॅमिक तंतूंची, क्वचित निर्वात कवचाची. मात्र ती जाड केली की वीज देणाऱ्या चकत्यांची जागा जाते.

१९७०च्या दशकात कॅल्शियमच्या जागी लिथियमची मिश्रधातू आली आणि तासभर चालणाऱ्या बॅटऱ्या शक्य झाल्या. हैदराबादेतही आज थर्मल बॅटऱ्या बनतात. मिनिटे वाढली की अस्त्राची झेप वाढते, हे मला फारसे सुखावत नाही. पण हीच बॅटरी लढाऊ विमानाच्या इजेक्शन सीटमध्येही असते. तिथे तिला तास नको, काही क्षण पुरतात. ते मात्र चुकता कामा नयेत. आणि वैमानिकाच्या पाठीशी असते ती नेमकी न जाळलेली, न तपासलेली बॅटरी.