देवडीबाहेरून पाहावे

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मंडळाच्या जुन्या स्मरणिका आणि घराण्याचा कुलवृत्तांत अशी दोन संकेतस्थळे त्यांनी घरच्याच संगणकावर मांडली आहेत. पुण्याच्या नातलगांना दोन्ही दिसतात. घरात मात्र नाव टाइप केले की राऊटरचेच पान उघडते. सारे पुसून नव्याने मांडावे काय, असे त्या विचारतात. काही स्मरणिकांच्या मूळ प्रती आता कोणाकडेच उरलेल्या नाहीत. आमचे उत्तर एवढेच, की काहीही पुसू नये.

एका संगणकावर अनेक संकेतस्थळे नांदतात ती वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी. पोस्टमन पाकिटावरील नाव पाहून पत्र त्या त्या दारी टाकतो. ब्राउझरही प्रत्येक मागणीबरोबर संकेतस्थळाचे नाव पाठवितो. १९९७ सालच्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने ते सक्तीचे केले. सर्व्हर त्या नावावरून बिऱ्हाड ओळखतो. अशा प्रत्येक बिऱ्हाडास व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. नाव जुळले नाही, तर अपाचे सर्व्हर यादीतील पहिले बिऱ्हाड दाखवून मोकळा होतो. म्हणून १९२.१६८.१.१० असा नुसता अंकी पत्ता टाइप केल्यास सर्व्हर जागा आहे एवढेच कळते. कुलवृत्तांताऐवजी स्मरणिका पुढे आल्या, तर त्यात बिघाड मानू नये.

खरी मेख राऊटरपाशी आहे. नावावरून मिळणारा पत्ता हा घराचा बाहेरचा, म्हणजे राऊटरचा, पत्ता असतो. बाहेरून आलेली मागणी राऊटर आतल्या संगणकाकडे वळवितो. घरातूनच त्या पत्त्यावर गेलेली मागणी मात्र दारातून उलट फिरवून आत आणावी लागते, आणि पुष्कळ साध्या राऊटरांना ते साधत नाही. शेजारच्या बिऱ्हाडास घातलेले पत्र देवडीवरच्या राखणदाराने आपलेच समजून फोडावे, तसे होते. कोणी राऊटर नुसतेच मौन धरतात; तो प्रकार अधिक छळतो.

तेव्हा प्रथम मोबाईलचे वाय-फाय बंद करून मोबाईलच्या इंटरनेटवरून नाव टाइप करावे. पान दिसले, की सर्व्हर निर्दोष. मग घरच्या संगणकातील ‘होस्ट्स’ या फाईलमध्ये सर्व्हरचा आतला पत्ता आणि त्यापुढे दोन्ही नावे लिहावीत. सर्व्हरला राऊटरमधून आतला पत्ता कायमचा नेमून द्यावा, नाहीतर तो बदलला की पुन्हा तोच घोळ. प्रवासात नेण्याच्या लॅपटॉपवर मात्र ही ओळ ठेवू नये. राऊटरमध्येच नावांची नोंद करण्याची सोय असेल तर फारच उत्तम. घरातले फोनही त्यात येतात.

मोबाईलवरूनही पान न दिसल्यास सर्व्हरची नोंदवही पाहावी. मागणीची नोंद असेल, तर व्हर्च्युअल होस्टमधील नावाचे अक्षर न् अक्षर तपासावे. नोंदच नसेल, तर राऊटरमध्ये ८० व ४४३ हे पोर्ट सर्व्हरकडे वळविले आहेत ना, हे पाहावे. तेही ठीक असेल, तर राऊटरचा बाहेरचा पत्ता वाचावा. तो १००.६४ ते १००.१२७ या अंकांनी सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे असे समजावे. तेथे राऊटरशी झटापट व्यर्थ. इंटरनेट पुरविणाऱ्याकडे स्वतंत्र पत्ता मागावा. बडोद्याच्या भगिनींना इथवर यावे लागणार नाही. पुण्यास पाने दिसत आहेत, त्या अर्थी त्यांचे काम होस्ट्स फाईलमधील एका ओळीचे आहे.