उजेडाचं आवर्तन

आषाढ संपत आला की ऑनलाइन दुकानांवर आणि काही नर्सऱ्यांत एकच माल पुढे येतो, घरातल्या झाडांसाठीचा जांभळा एलईडी दिवा. याही आठवड्यात त्याच्या जाहिराती सुरू झाल्या. खोक्यावर हजार वॉट, फुल स्पेक्ट्रम, सूर्यप्रकाशाची जागा घेणारा, असे शब्द छापलेले असतात आणि नेरळ, कर्जत, खोपोलीच्या नव्या इमारतींतली माणसं ते वाचून पैसे मोजतात. त्यांची अडचण खरी आहे, म्हणूनच या प्रकाराचा मला जास्त राग येतो. जुलैत तुळशीची पानं खरोखर गळतात, मिरचीचं रोप लांबट आणि फिकं होतं, पुदिन्याच्या नुसत्या काड्या उरतात. पावसाळ्यात कुंडीला पाणी कमी घाला, हे या सदरात अनेकदा लिहून झालं आहे. पाणी आवरूनही झाड सावरत नसेल तर काय करायचं, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. माझं उत्तर असं, की आपल्या या कर्जत-खोपोलीच्या भागात घरातल्या झाडाला दिवा लावणं योग्य आहे. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरतं, गरज असलेल्या झाडापुरतं आणि मोजून.

याचा भक्कम पुरावा राजनाल्याच्या काठी आहे. भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहात वीज तयार करून सुटलेलं पाणी या कालव्यातून कर्जत तालुक्यातल्या शेतांना मिळतं आणि त्यावर पावसाळी भातानंतर दुबार, म्हणजे उन्हाळी भात होतं. खाचर तेच, शेतकरी तोच, कित्येकदा बियाणंही कर्जतच्याच भात संशोधन केंद्राच्या वाणाचं. तरीही पाणी वेळेवर मिळालं तर उन्हाळी भाताचा उतारा पावसाळी भातापेक्षा चांगला पडतो. ही गोष्ट फक्त कर्जतची नाही. आशियात जिथे जिथे भाताला सिंचनाची सोय आहे, तिथे कोरड्या हंगामाचं पीक पावसाळी पिकाच्या पुढे जातं आणि भाताचे अभ्यासक त्याचं मोठं कारण ऊन हेच सांगतात. यात दिवसाची लांबी आड येत नाही, हे लक्षात घ्यावं. जुलैत आपल्याकडे दिवस तेरा तासांचा असतो, उन्हाळी भाताची लावणी होते त्या जानेवारीत जेमतेम अकरा तासांचा. तरी जुलैचं झाड उपाशी राहतं, कारण दाट ढगांच्या दिवशी मोकळ्या रानातसुद्धा लख्ख उन्हाचा पाचवा ते दहावा हिस्साच उजेड पोचतो. पाणी, हवा, माती सगळं मुबलक असताना अन्न कमी पडतं. पान आपलं अन्न उजेडाच्या जोरावर करतं. खत हे त्याचं अन्न नव्हे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उन्हाळी भाताला कीड-रोग कमी लागतात, पाणी हातात असतं, खत वाहून जात नाही. मग सगळं श्रेय उजेडाला कसं द्यायचं? सगळं द्यायचं नाहीच. पण भाताला कृत्रिम सावली करून घेतलेल्या प्रयोगांत, बाकी सगळं सारखं ठेवूनही, दाणे भरण्याच्या काळात उजेड कमी केला की पळींज वाढतं आणि उत्पन्न घटतं, हे वारंवार दिसलेलं आहे. तेव्हा उजेड हे अनेक कारणांपैकी एक असलं, तरी ते स्वतंत्र आणि मोठं कारण आहे.

राजनाल्याकडून मला दुसरीही एक गोष्ट घ्यायची आहे, ती म्हणजे शिस्त. कालवा जे कमी आहे तेच देतो, ज्या महिन्यांत कमी आहे त्याच महिन्यांत देतो. जुलैत त्याचं पाणी कोणी मागत नाही. घरातली स्थिती याच्या बरोबर उलटी आहे. पावसाळ्यात हवेत आणि कुंडीत ओल भरपूर, तुटवडा उजेडाचा. त्यात जून-जुलैत दुपारचा सूर्य आपल्या माथ्यावर, किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे ढग फाटले तरी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. वरचा छज्जा ते अडवतो. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेला कलतो, आकाश उघडतं आणि तीच खिडकी उन्हाने भरते. म्हणून दिव्यालाही आवर्तन असावं. साधारण जूनच्या मध्याला सुरू करावा, सप्टेंबरअखेर बंद करावा. उन्हाच्या खिडकीशी असलेल्या कुंडीवर डिसेंबरात दिवा जळत असेल, तर ती वीज फुकट चालली आहे.

मग मोजायचं कसं? इथे आपले डोळे फसवतात. बाहुली लहान-मोठी होते आणि मेंदू जुळवून घेतो, त्यामुळे खोलीचा मध्य आपल्याला छान उजळ वाटतो. उघड्यावरच्या लख्ख उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो, पावसाळी आभाळाखाली दहा-वीस हजार, खिडकीपासून हातभर आत पाचशे ते हजार आणि खोलीच्या मध्यावर शंभर-दोनशे. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी ही झाडं पाचशे-हजार लक्समध्ये तग धरतात. त्यांच्यासाठी दिवा घेऊ नये, कुंडी खिडकीकडे सरकवावी. पुदिना, कोथिंबीर, तुळस यांना रोज बारा तास निदान सहा-सात हजार लक्स हवेत. मिरचीला फुलं धरायची तर त्याच्या तिप्पट लागतात आणि तेवढा उजेड घरात विकत घेणं मला पटत नाही. मिरची गच्चीवरच बरी. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अचूक नसतं, पण शंभर आणि सात हजार यांतला फरक ते नक्की दाखवतं. पानाच्या जागी मोबाइल ठेवून मोजावं, दिव्याखाली धरून नव्हे. साध्या बल्बचं अंतर दुप्पट केलं की पानावरचा उजेड चौथाईवर येतो. छताला लावलेल्या दिव्याचा कुंडीला उपयोग नाही. दिवा पानांपासून वीतभर, फार तर हातभर वर असावा.

रंगाबद्दल जे खपवलं जातं, त्याला पाया पुरेसा नाही. पानातलं हरितद्रव्य काढून काचेच्या नळीत तपासलं की ते लाल आणि निळा उजेड सर्वांत जास्त शोषतं, हे खरं. पण झाड म्हणजे नळीतला अर्क नव्हे. कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या अखंड पानांवर केलेल्या मोजणीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत हिरवा आणि पिवळा उजेडही प्रकाशसंश्लेषणाला चांगला उपयोगी पडतो, असं दिसलं. पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो, त्यामुळे निळ्यापासून लालपर्यंतचा पट्टा त्यातून मिळतोच. जांभळ्या दिव्यात झाड वाढत नाही असं मी म्हणत नाही, वाढतं. पण त्या उजेडात पानाचा खरा रंग कळत नाही. दमट पावसाळ्यात करप्याचा पहिला तपकिरी ठिपका, पानाखालचा मावा किंवा नव्या पानाचा पिवळेपणा वेळेवर दिसणं ही निम्मी राखण आहे आणि जांभळा दिवा नेमकी तीच काढून घेतो. शिवाय लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं आहे, जांभळ्या दिव्याखाली ते लागू पडत नाही. म्हणजे ग्राहकाच्या हातातलं एकमेव स्वस्त साधनही निकामी होतं. हजार वॉटचं तर बोलायलाच नको. तो दिवा प्रत्यक्षात कित्येकदा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीही वीज ओढत नाही आणि फुल स्पेक्ट्रम या शब्दांना कायद्याने ठरलेली व्याख्या नाही.

काही जण ड्रॅगन फ्रूटचं उदाहरण देतात. राज्यातल्या काही बागायतदारांनी रात्री छोटे एलईडी लावून बिगर हंगामात फळं घेतली आहेत, मग घरात छोटा दिवा का पुरणार नाही, असं ते विचारतात. इथे दोन वेगळी कामं एकत्र केली जातात. त्या बागेत दिवसा कडक ऊन असतं, अन्न तिथून मिळतं. रात्रीचा दिवा झाडाला एवढंच भासवतो की दिवस मोठा झाला आहे, आता कळी धर. शेवंतीत हेच उलट्या बाजूने होतं. रात्री उजेड मिळाला की तिची फुलं लांबतात. इशाऱ्याला थोडा उजेड पुरतो, अन्नाला पुरत नाही. घरातल्या पुदिन्याला हवं आहे ते अन्न. शेवंतीची कुंडी मात्र दिवाणखान्यातल्या रात्रीच्या उजेडापासूनही दूर ठेवावी.

विजेचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. वीज कशी आणि किती खटाटोपाने तयार होते, हे या भागाला सांगायला नको. हिशेब असा: २० वॉटचा चांगला पांढरा दिवा दोन फूट बाय दीड फुटाच्या ट्रेवर रोज बारा तास चालवला तर महिन्याला सात युनिटच्या आसपास लागतात. चार महिन्यांचे अठ्ठावीस-एकोणतीस. एवढ्यात पुदिना, कोथिंबीर आणि तुळशीची कुंडी पावसाळा पार करतात, हा खर्च मला रास्त वाटतो. वर्षभर लावला तर सत्त्याऐंशी युनिट जातात आणि त्यांतली दोन तृतीयांश अनाठायी. म्हणून दिव्याइतकाच टायमर आवश्यक आहे. रात्री झाडाला अंधार मिळू द्यावा. ओल्या हवेत वायर आणि प्लग कुंडीच्या वरच्या बाजूला ठेवावेत, पानांवर पाणी फवारताना दिवा बंद असावा आणि अर्थिंग नसलेल्या प्लगवर हा प्रयोग करूच नये.

शेवटचा आक्षेप असा, की भोवती एवढी हिरवाई असताना घरात झाडं कशाला? याच्याशी मी निम्मा सहमत आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या याच अंधाऱ्या जुलैत विनादिवा माजतात आणि बाजारात आदिवासी बायका त्या विकायला बसलेल्या असतात. आधी त्या घ्याव्यात. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, गुडघे धरल्यामुळे जिने न उतरणाऱ्या आजीला, हाताशी चार पानं तुळशीची असावीत असं वाटलं तर त्यात चूक काय? चूक आहे ती बाल्कनी काचेने बंद करण्याच्या आपल्या सवयीत. हा माझा जुना विषय आहे आणि मी तो सोडणार नाही. रंगीत काच, जाळी, ग्रिल आणि वर वाळत घातलेले कपडे यांतून झिरपून उजेडाचा कितीसा भाग उरतो, हे मोबाइलवर मोजून पाहावं. बाल्कनीची एक सरकती काच दिवसभर उघडी ठेवणं हा कोणत्याही दिव्यापेक्षा पहिला आणि बिनपैशाचा उपाय आहे.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी पाणी कमी, मग काच उघडी, मग कुंडी खिडकीशी आणि तरीही झाड फिकं राहिलं तर पांढरा दिवा. तो घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचाराव्यात, दिवा प्रत्यक्षात किती वॉट ओढतो आणि एका हातावरून पानावर किती उजेड पडतो. ज्या खोक्यावर या दोन्हींची उत्तरं नाहीत, ते खोकं दुकानातच राहू द्यावं.