बायोडाटात कन्नड लिहू का?

परवा धाकट्या बहिणीची मुलगी घरी आली. मुंबईच्या एका निर्मिती संस्थेने सहायक दिग्दर्शकाच्या कामासाठी तिला मुलाखतीला बोलावले आहे. बसायच्या आधीच तिने विचारले, "मामा, भाषांमध्ये कन्नड लिहू की नको? आई म्हणते, कशाला उगाच!"

माझ्या काळजात चर्र झाले. तिच्या वयात हाच प्रश्न मला पडला होता आणि मी चुकलो होतो.

मुलाखत म्हणजे टेबल, खुर्ची, टाय घातलेले साहेब अशी माझी समजूत. तिथे एका फ्लॅटमध्ये तिघे चहा पीत बसलेले. 'येऊलालो', 'जाऊलालो' तोंडून निसटू नये म्हणून आठवडाभर आरशासमोर पुणेरी मराठी घोटून गेलो होतो! भाषा विचारल्या. "मराठी, हिंदी, इंग्रजी." ज्या आजीने कन्नडमधून गोष्टी सांगून वाढवले, तिला मी तिथल्या तिथे गिळून टाकले.

मग कंटिन्युइटी. "येते," म्हणालो. त्यांनी विचारले, "नायिका दारातून बाहेर पडते ते आज चित्रित झाले, अंगणात येते ते पंधरा दिवसांनी. काय काय टिपून ठेवशील?"

"साडी," मी म्हणालो. पुढे काही सुचेना. पिशवी कोणत्या हातात, बांगड्या किती, केस ओले की सुके, ऊन कुठल्या बाजूचे... सगळे परतीच्या बसमध्ये आठवले.

खरा घाव नंतर बसला. त्या मंडळींना महिनाभर बदामीला चित्रीकरण करायचे होते. गावकऱ्यांशी कन्नडमध्ये बोलणारा मुलगा त्यांना हवा होता. दुसरा कुणी मिळाला.

पुढच्या ठिकाणी मी शहाणा झालो होतो. "हे येत नाही, पण नाटकात प्रॉम्प्टिंग केलंय, ही माझी वही," एवढेच म्हणालो. त्यांनी वही पाहिली आणि सोमवारी या म्हणाले.

म्हणून भाचीला उपदेश न करता कामाला बसवले. एका प्रसंगाचे पान दिले आणि ब्रेकडाऊन करायला सांगितले. पात्रे, कपडे, वस्तू, दिवस की रात्र, आत की बाहेर. छान केले पोरीने. पेटलेली चूल तेवढी विसरली. 'मला दिग्दर्शक व्हायचंय' हे विचारले तरच सांग, म्हटले. उद्या सेटवर तू काय सांभाळशील, हे त्यांना आधी ऐकायचे असते. पैसे महिन्याने की चित्रपटामागे आणि नामावलीत नाव येणार का, हेही न लाजता विचारायचे. काम देण्यासाठी कुणी उलट तुझ्याकडेच पैसे मागितले, तर तिथून उठायचे. कुठे जातेस तो पत्ता घरी सांगून जायचे, हे तिच्या आईसाठी!

आईला मी फोनवर म्हटले, "अगं, गिरीश कर्नाड कन्नडचे एवढे मोठे नाटककार. १९७४-७५ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक होते आणि १९८२च्या 'उंबरठा'त स्मिता पाटीलचे नवरे झाले. त्यांचं काही अडलं का?"

"ते कर्नाड होते रे," ती म्हणाली. यावर मी काय बोलणार?

भाचीने मात्र पेन काढले आणि लिहिले : कन्नड – बोलते, वाचते, लिहिताना चुका होतात. सोमवारी रात्रीच्या बसचे तिकीट काढले आहे.